राबाचा धूर, कारखान्याचा धूर : उल्हास खोऱ्यातील हवेचा इतिहास

राखेच्या बुधवारी धर्मगुरू आपल्या कपाळावर राखेचा क्रूस रेखतात. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख केलेली असते. उल्हास नदीच्या खोऱ्यात साधारण याच सुमारास शेतकरीही राखेच्या तयारीला लागत असे. पुढच्या हंगामाच्या भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची, तो तुकडा भाजून काढण्यासाठी तो शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळे गोळा करी. मंदिरातील राख आणि शेतातील राख या दोहोंचा अर्थ एकच होता : जुने जळून जावे आणि नव्याला जागा व्हावी.

आज कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरे एकमेकांना खेटून उभी आहेत. तेथील आपल्या धर्मग्रामांत डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या मिस्साला येणारी वयोवृद्ध माणसे नाकातोंडाला रुमाल लावून येतात. बाहेर पांढरे धुके असते, पण त्याला दवाचा वास नसतो. त्यात कधी सडक्या अंड्यांचा, कधी जळक्या प्लॅस्टिकचा, तर कधी नाव सांगता येणार नाही असा आंबूस दर्प मिसळलेला असतो. आपल्या वाडवडिलांच्या काळीही या खोऱ्यात धूर होता. मग त्या धुरात आणि या धुरात फरक कोणता? या प्रश्नाचा माग इतिहासात काढण्याचा हा प्रयत्न आहे.

खोऱ्याची ठेवण आणि वाऱ्यांचे वेळापत्रक

हवेचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी जमिनीची ठेवण पाहावी लागते. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की उजव्या हाताला मलंगगड, टावली, चंदेरी आणि पुढे माथेरान अशी डोंगरांची रांग साथ करते. डाव्या हाताला उल्हास नदी वाहते आणि तिच्या पलीकडे बारवीच्या बाजूचे डोंगर आहेत. मधल्या सखल पट्ट्यात भातखाचरे, लोहमार्ग, गावे आणि आता इमारती. लोणावळा-राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत कल्याणपाशी खाडीला मिळते आणि अखेरीस वसईच्या किल्ल्याजवळ समुद्रात विसर्जित होते. तिला मिळणारी वालधुनी ही लहानशी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी उभे आहे. साडेनऊशेहून अधिक हिवाळे त्या दगडांनी पाहिले आहेत.

या खोऱ्यातील हवेला ऋतूंचे एक ठरलेले वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात जमीन सकाळपासून तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे आत येतात. डोंगररांगा आडव्या असल्यामुळे ते येथे उशिरा पोहोचतात. म्हणूनच मार्च ते मे या महिन्यांत मुंबई घामाने भिजत असताना बदलापुरात पारा चाळिशी ओलांडून जातो. उकाडा असह्य होतो खरा, पण हवा मात्र हलती असते. जमिनीवरचा धूर वर चढतो, उंचावर पांगतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो.

जूनमध्ये पाऊस येतो. वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास पडणारा हा पाऊस हवेतील धूळ व धूर अक्षरशः धुऊन खाली आणतो. जुलै-ऑगस्टमधील बदलापूरची हवा आजही मन प्रसन्न करते. परंतु पाऊस हवा धुतो, याचा अर्थ मळ नाहीसा होतो असा नव्हे. हवेतला मळ मातीत व नदीत जातो एवढेच.

हिवाळ्यात मात्र सारे उलटे होते. रात्री डोंगरांच्या उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि पाण्याप्रमाणे घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते. बदलापूरची पहाट मुंबईपेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते ती यामुळेच. तळाशी थंड हवा आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर. एरवी उंच जावे तशी हवा थंड होत जाते. येथे हा क्रम उलटतो आणि वरचा उबदार थर भांड्यावरील झाकणाप्रमाणे बसतो. जमिनीवरून मतलई वारे वाहतात, पण ते मंद असतात. त्या झाकणाखाली जे काही सोडले जाईल, ते सकाळी सूर्य चांगला वर येईपर्यंत तेथेच कोंडून राहते. खोऱ्याचा हा स्वभाव मनुष्याने घडविलेला नाही. शिलाहारांच्या काळीही तो असाच असणार. बदलले ते एवढेच की, त्या झाकणाखाली आपण काय ओततो.

राब : ऋतूला विचारून केलेला धूर

या खोऱ्यातील सर्वांत जुना मोठा धूर राबाचा. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर प्रथम शेण पसरायचे, त्यावर ऐन, किंजळ अशा झाडांचे तोडलेले टहाळे, त्यावर गवत व पालापाचोळा आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर द्यायचा. मग वाऱ्याची दिशा पाहून पलीकडच्या बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकते आणि जमीन भडकून न जळता चांगली भाजली जाते. हे काम मार्च ते मेच्या दरम्यान होई. पहिल्या पावसानंतर त्या राखेत बी पेरले, की रोपे जोमाने वर येत, तणही कमी उगवे. कुणबी, आगरी आणि डोंगरपायथ्याचे ठाकर, सारेच राब करीत. 'राबणे' या क्रियापदाशी या शब्दाचे नाते असो वा नसो, राबासाठी शेतकऱ्याचे सारे कुटुंब राबत असे, यात शंका नाही.

या राबावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद माजला. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील बरेचसे जंगल सरकारने राखीव केले आणि टहाळे तोडण्यावर निर्बंध आले. वनखात्याच्या मते राब म्हणजे जंगलाचा नाश होता. शेतकऱ्यांच्या मते राबावाचून भात नव्हता. असंतोष एवढा वाढला की, मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी अधिकाऱ्यांना हा धूर अडाणीपणाचा वाटे. परंतु १९१२ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापण्यातही आहे, हे त्यातून पुढे आले. शेतकऱ्याला रसायनशास्त्र येत नव्हते, पण अनुभवाने त्याने जे जाणले होते त्यात तथ्य होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राबाचा धूर ज्या महिन्यांत निघे, ते महिने खोऱ्याच्या हवेला तो धूर सोसण्याचे होते. जमीन तापलेली, हवा वर चढणारी, दुपारचा वारा वाहता. आणि पाठोपाठ पाऊस. ज्या हिवाळ्यात हवेवर झाकण बसते, त्या दिवसांत शेतकऱ्याचा धूर शेकोटीपुरता, खळ्यावरच्या विस्तवापुरता आणि चुलीपुरता. त्याने हे वेळापत्रक हवा शुद्ध राहावी म्हणून आखले होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. भाताच्या हंगामानेच ते आखले होते. परंतु जो वाऱ्याकडे पाहिल्याशिवाय काडी ओढत नाही, तो ऋतूच्या मर्यादेत राहतो. शिवाय त्याचा धूर आधी त्याच्याच डोळ्यांत जाई. धूर करणारा आणि धूर सोसणारा एकच होता.

या जुन्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. राबामुळे डोंगर बोडके होण्यास हातभार लागला, हे नाकारता येत नाही. कातकरी बांधवांना कोळशाच्या भट्ट्यांवर ठेकेदारांसाठी वर्षानुवर्षे धूर खावा लागला. त्या धुराची किंमत त्यांच्या पदरात कधी पडली नाही. आणि चुलीच्या धुराने आपल्या आयांच्या व आज्यांच्या फुप्फुसांचे काय केले, हे त्यांच्या खोकल्याने सारी घरे जाणून होती. १९३३ साली न्यायाधीश ना. गो. चापेकर यांनी बदलापूर या आपल्या गावाची तपशीलवार पाहणी करून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका लहानशा शेतकरी गावाची नोंद इतक्या आस्थेने व्हावी, हे मराठीत विरळाच. त्या काळचे बदलापूर भाताचे, आंब्या-जांभळांचे आणि पावसाचे गाव होते.

लोहमार्ग, आगपेटी आणि गंधकाम्ल

शेतकऱ्याच्या धुराशेजारी दुसरा धूर आला तो रुळांवरून. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत लोहमार्ग गेला. रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकूड लागले, इंजिनासाठी कोळसा. ज्या लोहमार्गाने हा धूर आणला त्यानेच तो काही अंशी दूरही केला. १९३० पर्यंत कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि त्याच वर्षी १ जूनला सुरू झालेली 'दख्खनची राणी' या खोऱ्यातून विजेवर धावू लागली.

परंतु लोहमार्गामुळे अंबरनाथ कारखान्यांच्या नजरेत भरले. जमीन स्वस्त, पाणी जवळ, मुंबई हाकेच्या अंतरावर. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खताचा कारखाना उभारला. या क्षेत्रातील देशातील अगदी आरंभीच्या कारखान्यांपैकी तो एक. पाठोपाठ स्वीडिश भांडवलाच्या 'विम्को' कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना आला. इतिहासाचा योगायोग पाहा : ज्या खोऱ्यातला शेतकरी राखेचे खत करीत होता, तेथेच गोणीत भरलेले खत तयार होऊ लागले; आणि त्याच्या हातातली काडीही तेथेच बनू लागली. राब पुढे हळूहळू मागे पडला, त्याला वनकायद्याइतकेच हे गोणीतले खतही कारण झाले.

स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने अंबरनाथला आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. त्यांना पाणी पुरविण्यासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण झाले. रासायनिक, औषधी, रंगांचे, धातूंचे असे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले.

येथे आपण प्रामाणिक असले पाहिजे. या खोऱ्यातील आपल्या धर्मग्रामांचा विस्तार याच कारखान्यांच्या भोवती झाला. गोव्याहून, मंगळूरहून, केरळ-तामिळनाडूतून, नगर-मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून कॅथलिक कुटुंबे येथे आली ती कारखान्यांच्या भोंग्याच्या आवाजाने. त्या पगारातून मुले शिकली, मुलींची लग्ने झाली, अर्पणाच्या पेटीत नाणी पडली आणि मंदिरांच्या भिंती उभ्या राहिल्या. तो धूर परक्याचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या भाकरीवर त्याचा वास आहे.

छावणीचे शहर

उल्हासनगरची कहाणी याहून वेगळी आणि करुण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराने छावण्या उभारल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. सुमारे एक लाख माणसे ओसाड माळावर येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून तिचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले.

ज्यांच्या हाती जमीन नाही, शेत नाही, त्यांनी बराकींच्या खोल्यांतच उद्योग मांडले. मिठाई, पापड, कापड, फर्निचर, प्लॅस्टिक, पुढे जीन्स. त्यांच्या कष्टाळूपणाला तोड नाही. परंतु घर, दुकान आणि कारखाना एकाच छपराखाली आले, तेव्हा धुराला व सांडपाण्याला वाट कोठली ठेवायची, याचा विचार ना त्यांनी केला, ना त्यांना वसविणाऱ्या सरकारने. शेजारी शहाडला १९५० च्या दशकात रेयॉनचा मोठा कारखाना उभा राहिला. व्हिस्कोस रेयॉनच्या धाग्यासाठी कार्बन डायसल्फाइड वापरावे लागते आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निर्माण होतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला हा धडा या परिसरातील मुले नाकानेच शिकली.

पुढे पुढे वालधुनी ही नदी राहिली नाही, नाला झाली. जीन्स धुण्या-रंगविण्याचे निळे-काळे पाणी, कारखान्यांचे आम्ल, वस्त्यांचे मैलापाणी, सारे तिच्यात मिसळू लागले. आणि नदी बिघडली की हवाही बिघडते, हे आपण उशिरा शिकलो.

झाकणाखालचे महिने

१९३० च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधील म्यूज नदीच्या खोऱ्यात काही दिवस दाट धुके पसरले. खोरे अरुंद, दोन्ही बाजूंना टेकड्या आणि तळाशी जस्ताचे, पोलादाचे, काचेचे, खतांचे कारखाने. त्या धुक्यात साठाहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अमेरिकेतील डोनोरा या नदीकाठच्या कारखान्यांच्या गावात हेच घडले. वीस जण मृत्यू पावले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुक्याने हजारोंचे प्राण घेतले. आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ. तेथे वायूची गळती हा अपघात होता, परंतु तो जड वायू जमिनीलगत वस्त्यांतून सरपटत गेला त्याला त्या थंड, शांत रात्रीचीही साथ मिळाली. या चारही घटना ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान घडल्या, हा केवळ योगायोग नाही. ज्या दिवसांत हवेवर झाकण बसते, त्याच दिवसांत मनुष्याच्या निष्काळजीपणाची किंमत सर्वाधिक असते.

आपल्या खोऱ्यालाही हा धडा मिळाला. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे उल्हासनगर-अंबरनाथच्या सीमेवर वालधुनीत टँकरने घातक रासायनिक द्रव्य सोडले गेले. काठावरच्या वस्तीतील माणसे झोपेतून गुदमरून उठली. मळमळ, चक्कर, छातीत जळजळ. शेकडो लोकांना रुग्णालयांत न्यावे लागले. आम्ल आणि सल्फाइडयुक्त सांडपाणी एकत्र आले की विषारी वायू मुक्त होतो, हे रसायनशास्त्राचा विद्यार्थीही जाणतो. ज्याने तो टँकर रिकामा केला, त्याने पाहिला तो फक्त काळोख. वारा कोणत्या बाजूचा आहे, काठावर कोण निजले आहे, हे पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. राब पेटविणारा शेतकरी वाऱ्याकडे पाहत असे. हा माणूस कोणी आपल्याकडे पाहत नाही ना, एवढेच पाहत होता.

त्याच वर्षी जानेवारीत शेजारच्या डोंबिवलीत हिरवट रंगाचा अवेळी पाऊस पडल्याची बातमी आली. ज्या पावसाने हवा धुवावी, तो पाऊसच हवेचा रंग घेऊन खाली उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या रस्त्यांवर रात्री रासायनिक धूर दाटला आणि रहिवाशांचे डोळे व घसे चुरचुरू लागले.

कायदे नव्हते असे नाही. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ सालचा आहे. देशासाठी जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये, वायुप्रदूषणाचा १९८१ मध्ये आणि भोपाळनंतर पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये झाला. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास व वालधुनीच्या प्रश्नावर दाद मागितल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली जबाबदार संस्थांना कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. सतत पाच वर्षे हवेच्या मानकांत न बसलेल्या शहरांची यादी त्यात होती. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर या महानगरांच्या पंक्तीला उल्हासनगर होते आणि बदलापूरही होते. श्वासाबरोबर आत जाणाऱ्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुलिकणांचे प्रमाण घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे आपले राष्ट्रीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा तर १५ ची आहे. मुंबईच्या कोंदट चाळींतून मोकळ्या हवेसाठी बदलापूरला घर घेतलेल्या कुटुंबांनी ही यादी वाचून काय म्हणावे?

श्वास कोणाचा?

बायबलच्या आरंभी देवाने मातीचा मनुष्य घडविला आणि त्याच्या नाकपुड्यांत आपला श्वास फुंकला, असे आपण वाचतो. हिब्रू भाषेत 'रूआह' हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्ही अर्थांनी येतो. ज्या श्वासाने मनुष्य सजीव झाला, तो त्याची खासगी मालमत्ता नाही. अंगण वेगळे करता येते, विहीर वेगळी करता येते, हवा करता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रदूषणाचा विचार आरंभीच केला आणि त्याची सर्वाधिक झळ गरिबांना बसते, याकडे लक्ष वेधले. वालधुनीच्या काठी त्या पहाटे कोण झोपले होते, हे आठवले की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ख्रिस्तसभेच्या जुन्या दिनदर्शिकेत प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस 'रोगेशन'चे असत. धर्मगुरू व भाविक मिरवणुकीने शेतात जात, पिकासाठी आणि अनुकूल हवामानासाठी प्रार्थना करीत. आपल्याकडे हे दिवस नेमके पावसाच्या तोंडावर, राब भाजून झाल्यावर येत. १९६९ च्या सुधारणेनंतर ते कधी पाळायचे हे स्थानिक धर्माध्यक्षांच्या मंडळांवर सोपविण्यात आले आणि ते बहुतेक ठिकाणी विस्मरणात गेले. 'आगेरा'च्या सणाला आपण आजही भाताची नवी लोंबी वेदीवर आणतो. पिकासाठी आभार मानणे राहिले, पण हवेसाठी याचना करणे सुटले. या खोऱ्यातील धर्मग्रामांनी ती प्रार्थना पुन्हा सुरू करावी असे वाटते. आणि ती करायची तर हिवाळ्याच्या तोंडावर, आगमनकाळात करावी, कारण आता हवेची परीक्षा त्या दिवसांत असते.

प्रार्थनेबरोबर विवेकाची झडतीही हवी. ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या अनेक वस्त्यांत 'म्हातारा' जाळतात. पूर्वी तो पेंढ्याचा व जुन्या धोतराचा असे. आज त्याच्या पोटात टायर, थर्माकोल, प्लॅस्टिक आणि फटाके भरलेले दिसतात. वर्षातील सर्वांत कोंडलेल्या हवेत आपण हा धूर सोडतो आणि दुसऱ्या दिवशी नववर्षाच्या मिस्साला खोकत येतो. इमारतीच्या मागे कचऱ्याला काडी लावणाऱ्या सफाई कामगाराला आपल्यापैकी कोण अडवतो? कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या भावंडांपैकी ज्यांना रात्रीच्या पाळीत काय सोडले जाते ते ठाऊक आहे, त्यांनी बोलावे असे म्हणणे सोपे आहे. बोलल्यावर त्यांची नोकरी जाईल, तेव्हा धर्मग्राम त्यांच्या पाठीशी उभे राहील का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याची तयारी नसेल, तर प्रवचनपीठावरून त्यांना धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हा धर्मगुरूंनाही नाही.

आणि हा प्रश्न केवळ खोऱ्यातील तीन शहरांचा नाही. वालधुनी उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीला. अंबरनाथच्या हवेतला मळ पाऊस खाली आणतो, नदी तो पुढे नेते आणि वसईच्या कोळी बांधवांच्या जाळ्यापर्यंत पोहोचवते. डोंगरापासून समुद्रापर्यंत आपण सारे एकाच पाण्याचे व एकाच वाऱ्याचे शेजारी आहोत.

शेतकऱ्याने राब केला तेव्हा त्याने ऋतू पाहिला, वारा पाहिला आणि राखेत बी पेरले. त्याच्या धुरानंतर काही तरी उगवत असे. आपल्या धुरानंतर काय उगवणार आहे, हे येत्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण स्वतःला विचारू या.